पेटी वहाळापलीकडे

पेटी: पत्ता नाही

शनिवारी संध्याकाळी कार्यकारिणीची सभा होती आणि पेटी सापडत नव्हती.

पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक. निळी, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत वाचनालयाचं नाव. राजापूरच्या बाजारात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर हे वाचनालय आहे. आम्रपाली तांबे तिथली ग्रंथपाल, आणि पेटीची कल्पना तिचीच. जी माणसं जिना चढून येत नाहीत त्यांच्याकडे पुस्तकांनी जावं. पेटी भरायची, एसटीत चढवायची, कंडक्टरजवळ निरोप द्यायचा. गावाने थांब्यावर उतरवून घ्यायची, वाचायची, परत पाठवायची. इतकं सोपं.

एका गावाहून पेटी परत आली ती कुलूपही न उघडता. दुसऱ्या गावाने तिच्यावर बहुतेक गरम टोप ठेवला होता, त्याचा गोल डाग घेऊन ती आली. आणि तळेकोंडला गेलेली पेटी आलीच नाही. भातं उभी होती तेव्हा गेली. कापणी झाली, झोडणी झाली, काजूला मोहर आला. पेटी नाही.

"बाई, वाचनालय म्हणजे लोकांनी यायची जागा," अध्यक्ष बेर्डे सर म्हणाले. सर हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. अजूनही बोलताना समोर फळा असल्यासारखे उभे राहायचे. "पुस्तकं म्हणजे काय बोहारणी आहेत दारोदार हिंडायला? शनिवारच्या सभेत पेटी टेबलावर दिसली तर योजना चालू. नाही दिसली तर बंद. मी तुमच्या विरोधात नाही, हे पण लक्षात ठेवा."

'विरोधात नाही' म्हणणारा माणूस नेमका कुठे उभा असतो ते आम्रपालीला ठाऊक होतं.

"आणते सर," ती म्हणाली.

ती मूळची दापोलीकडच्या मुरुडची. तिच्या लहानपणी वाडीत पुस्तक यायचं ते शेंगदाण्याच्या पुडीचा कागद होऊन. पुडी उलगडायची, दाणे तोंडात टाकायचे आणि कागद वाचायचा. गोष्ट नेहमी फाटलेल्या कडेशी संपायची. त्या कडेच्या पुढे काय होतं, हे शोधतच ती ग्रंथपाल झाली म्हणा ना.

शनिवारी सकाळी ती तळेकोंडच्या गाडीत बसली. दुपारच्या गाडीने पेटीसकट परत. बेत एवढाच.

पेटी: उठायची आहे

थांब्यावर बाबल्यातात्या बसले होते. गावचे मानकरी. आम्रपालीने ओळख सांगून पेटीचं विचारलं.

"पेटी काल मथुरेच्या घरी बसली," तात्या म्हणाले. "आज उठंल."

"उठेल म्हणजे?"

"म्हंजे पुढं जाईल. तुमीच नाय का निरोप धाडलात, घरोघरी फिरवा म्हणून? मग फिरवतो."

आता कोकणातल्या गावात घरोघरी काय फिरतं? पालखी. शिमग्यात ग्रामदेवता देवळातून उठते, मानाच्या घरापासून सुरुवात करते, एकेका खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसते, ओट्या भरून घेते, गाऱ्हाणी ऐकते आणि शेवटचं घर झाल्याशिवाय देवळात परतत नाही. घरोघरी फिरवायची दुसरी कुठली रीत तळेकोंडला ठाऊकच नव्हती. निरोप आला, गावाने बैठक घेतली आणि पालखीची रीत पेटीला लावून टाकली.

"पण इतके महिने लागतात?"

"मधी देवळाकडच्या वाडीत मयत झालं. सुतकात पेटी उठवत नाय."

"पुस्तकांना सुतक लागतं?"

"पुस्तकांना नाय लागत," तात्या समजुतीच्या सुरात म्हणाले. "पेटीला लागतं."

थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, नाव काय म्हणालात?"

"आम्रपाली."

"आडनाव?"

नाव आम्रपाली आहे म्हटल्यावर आडनाव विचारायची गरज उरत नाही. तरी लोक विचारतात.

"तांबे," ती म्हणाली. तात्यांनी मान हलवली आणि पुढचा सगळा उतार ते गप्प राहिले.

पेटी: मथुराकाकूंच्या खळ्यात

खळं सारवलेलं. मधोमध पाट, पाटावर पेटी, पेटीपुढे नारळ. झाकणावर, वाचनालयाच्या नावावर, कुंकवाची बोटं ओढलेली.

आम्रपालीने झाकण उघडलं. पुस्तकांवर तांदळाचे दाणे. एका चरित्राच्या पानांत झेंडूच्या पाकळ्या. एका कवितासंग्रहाच्या पुठ्ठ्यावर हळदीचा अंगठा. ग्रंथपाल म्हणून जे जे बोलायला हवं होतं ते सगळं तिच्या जिभेवर आलं.

तेवढ्यात तिने पुस्तकांच्या कडा पाहिल्या.

कुठल्याही वाचनालयात न वाचलेलं पुस्तक ओळखू येतं. त्याची पानं एकमेकांना धरून बसलेली असतात. इथे एकही पुस्तक तसं नव्हतं. सगळ्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या, हाताळलेल्या. भूगोलाच्या त्या जाड ग्रंथाच्यासुद्धा, जो तिने केवळ पेटी भरावी म्हणून तळाशी घातला होता.

"ह्ये कोणी वाचलं?" तिच्या तोंडून मुरुडची भाषा निघाली.

"जो तो आपापल्या आवडीचं न्हेतो, वाचतो, पेटी उठायच्या आत परत ठेवतो," मथुराकाकू म्हणाल्या. "पण पेटीचं पुस्तक एकच. ते वेगळं."

"पेटीचं पुस्तक?"

काकूंनी पदराला हात पुसले आणि एक जाडसर पुस्तक काढलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा गोठलेल्या समुद्रावरून एकटी चालत गेलेल्या बाईची हकिकत. सोबत फक्त कुत्रे आणि घसरगाडी. आम्रपालीने ते वाचलं होतं. वाचनालयात ते कुणी नेलं नव्हतं.

पहिल्या घरी पेटी बसली तेव्हा हे पुस्तक वर होतं, म्हणून हेच उघडलं गेलं. पेटी बसली की त्या घरी यातली थोडी पानं मोठ्याने वाचायची. दुसऱ्या घरी पेटी गेली की तिथून पुढे. ज्यांच्याकडून पेटी गेली तीही माणसं पुढचं ऐकायला मागोमाग निघाली. घर वाढलं तसे ऐकणारे वाढले. म्हाताऱ्यांना कडेवर आणायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

"माझ्या घरी ती बाई तंबू टाकते," काकू म्हणाल्या. घरी लग्न लागल्यासारखं सांगितलं. "त्या समोरच्या घरात तिचा म्होरका कुत्रा मेला. त्ये बिचारे अजून बोलत नायत नीट."

"आणि तुमच्याकडे, तात्या?"

"आमच्याकडं नुसताच वारा आला," तात्या खाली बघत म्हणाले. "सगळी पानं वारा. पण मोठा वारा होता हां."

आम्रपालीने खळ्यातल्या माणसांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या घरात एकेक प्रसंग नांदत होता. अख्खी गोष्ट कुणाच्याच घरात नव्हती; ती गावात होती. माडीवर बसून तिने कसली कसली स्वप्नं पाहिली होती. इतकं मोठं पाहायची तिची हिंमत झाली नव्हती.

गाऱ्हाणं

बा पेटी म्हाराजा. *व्हय म्हाराजा.*

राजापूरच्या माडीवरनं उतरून तू ह्या खळ्यात बसलीस. *व्हय म्हाराजा.*

ह्या घरातला जो कोण मुंबयला असंल, जो कोण शाळंत असंल, जो कोण नुसताच बसून असंल, त्याच्या डोक्यात उजेड पाड. *व्हय म्हाराजा.*

आणि त्या बर्फावरल्या बायचा पाय घसरू देऊ नको. *व्हय म्हाराजा.*

तात्या गाऱ्हाणं घालत होते, खळं होकार देत होतं; शेवटचा होकार सगळ्यात मोठा होता. आम्रपालीने देव कधीच सोडला होता. तरी तिच्या अंगावर काटा आला.

पेटी: वहाळाच्या अलीकडे

"मला पेटी आजच न्यायची आहे," तिने शेवटी सांगून टाकलं. सभेचं, बेर्डे सरांचं, सगळं सांगितलं. "नाही नेली तर पुन्हा पेटी येणार नाही. तुमच्याकडे नाही, कुठेच नाही."

खळ्यातली माणसं तात्यांकडे बघायला लागली.

"मधीच?" तात्या म्हणाले. "पालखी मधनं फिरत नाय."

"किती घरं राहिलीत?"

"अलीकडची झाली. ऱ्हायली ती वहाळापलीकडली. बौद्धवाडी."

मथुराकाकूंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "ह्या गावात जे फिरलं ते आजवर वहाळापर्यंतच फिरलं. बैठकीत वाजलं यावरनं. मी बोलले, घरोघरी म्हंजे घरोघरी, रामज्याचं घर ते घर नाय काय? दोन दिवस माझ्याशी कोण बोलत नव्हतं. मग बोलायला लागले. तुमी न्या पेटी, तुमची हाय. पण पयल्यांदाच काय तरी पलीकडं निघालं होतं, येवढं बगा."

आम्रपालीने घड्याळात पाहिलं. गाडीला थोडा वेळ होता. नुसतं वहाळापर्यंत, त्या ओढ्यापर्यंत जाऊन यावं, असं तिने स्वतःला सांगितलं.

पलीकडच्या काठावर वाडीतली माणसं उभी होती. पुढे रामजीदादा, मुंबईला आयुष्य काढून परतलेले, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"रामजी, आणली," तात्यांनी अलीकडून हाक दिली.

"पालखी म्हणून आणलीत का पेटी म्हणून?"

"तू बोल."

"पालखी आमच्यात आली नाय आणि आमीपण बोलावली नाय. छपन्न सालापासनं आमची वाट निराळी. पेटी म्हणून येणार असंल तर नारळ, कुंकू तिकडंच ठेवा. गाऱ्हाणं नको. नुसती पुस्तकं येऊंदेत."

 कुणीतरी मागून पुटपुटलं, "रीत मोडंल." मथुराकाकूंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, तो दुसरीकडे बघायला लागला.

बाबल्यातात्या वाकले. नारळ उचलून त्यांनी काठावरच्या दगडावर ठेवला. मग खांद्यावरचा पंचा काढला, पाण्यात भिजवला आणि झाकणावरचं कुंकू पुसायला लागले. सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून. पांढरी अक्षरं एकेक करून वर आली.

"तुझ्या वाडीत रीत तुझी," ते म्हणाले. "पण बायचं काय झालं ते ऐकायला आमी सगळी येणार हां. अडवायचं नाय."

"अडवतोय कोण?" रामजीदादा म्हणाले. "चहा टाकलाय."

पेटी: वहाळात

दोघा गड्यांनी पेटी खांद्यावर घेतली. दगड शेवाळलेले. मधोमध एकाचा पाय सरकला, पेटी कलंडली, आणि आम्रपाली कधी पाण्यात शिरली ते तिलाच कळलं नाही. साडी गुडघ्यापर्यंत भिजली. पत्र्याची कड तिच्या खांद्यावर टेकली.

तेव्हाच वरच्या रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. दुपारची गाडी. थांब्यावर ती एकदाच वाजवते आणि कुणी नसलं तर निघते.

आम्रपाली थांबली. खांदा काढून घेता आला असता. पेटी घेऊन धावता आलं असतं, माणसं मदतीलाही आली असती. तिने पुढे पाहिलं. काठावर एक म्हातारी हात पुढे करून उभी होती, अजून पेटी लांब असताना.

"चला," आम्रपाली म्हणाली. "पुढचा पाय जपून."

पेटी: सड्यावर

वाडी वर सड्यावर, कातळाच्या पठारावर आहे. पाळी रामजीदादांच्या घराची, पण माणसं मावावीत म्हणून विहारापुढच्या मांडवात सतरंज्या टाकल्या होत्या. अलीकडचे आणि पलीकडचे आधी वेगवेगळे बसले. मग चहा फिरवता फिरवता सरकावं लागलं आणि मिसळले. वाचायला रेणुका बसली, रामजीदादांची सून. तिचा नवरा मुंबईला. ती इतकी हळू सुरू झाली की पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं.

बाई बर्फावर उभी होती. पायाखाली तडा गेला होता. तडा रुंद होत होता आणि कुत्रे पलीकडे, ती अलीकडे.

"असाच तडकतो," रामजीदादा अर्धवट स्वतःशी बोलले. "बर्फाच्या कारखान्यात होतो मी. लादी फुटायच्या आधी गाणं म्हटल्यागत आवाज करते."

"करते?" तात्यांनी विचारलं.

"ऐकशील तर काळजात जातं."

रेणुकाने ते वाक्य संपू दिलं आणि पुढे वाचायला लागली. जणू तेही पुस्तकात होतं.

आम्रपालीने ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहिले. तापलेल्या कातळावर बसलेली ही माणसं थंडीने आकसून बसली होती. एका बाईने पदर खांद्यावरून ओढून घेतला. कागदावरच्या काळ्या रेघांनी हे केलं होतं. तिने आयुष्यभर त्या रेघा जपल्या होत्या, मांडल्या होत्या, त्यांच्यावरची धूळ झटकली होती, आणि त्यांच्यात एवढं बळ आहे हे ती आज पाहत होती.

पेटी: फोनवर

सड्यावर रेंज येते.

"बाई, कुठे आहात? सभा सुरू झाली. सगळे बसलेत."

"तळेकोंडला, सर."

"पेटी?"

"सापडली."

"मग आणा."

"येणार नाही सर ती आज. घरं राहिलीत अजून."

"बाई, मी काय म्हणालो होतो…" आणि मग, "तो आवाज कसला?"

"वाचतायत."

"कोण?"

तिने फोन नुसता समोर धरला.

बाई बर्फावर पालथी पडली, अंगाचा भार पसरावा म्हणून. दोर दातांत धरला. रेणुकाचा आवाज आता मोठा झाला होता. बाई सरपटत तड्याच्या काठाशी आली. दोराचं दुसरं टोक पलीकडच्या कुत्र्यांच्या गळ्यात. तिने एक हात पुढे टाकला.

रेणुकाने पुस्तक मिटलं. "आमच्या घरचं येवढंच. आता उद्या शेजारी."

मांडवात एकच सुस्कारा सुटला. माणसं उठली, पण कुणी निघेना.

आम्रपालीने फोन कानाला लावला. काही ऐकू येईना. कट झाला असावा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाई."

"सर."

"थांबल्या का त्या?"

"हो. पुढचं उद्या, पुढच्या घरी."



"तुम्ही वाचलंय ना हे पुस्तक?" बेर्डे सरांनी विचारलं. त्यांचा मुख्याध्यापकाचा आवाज कुठेतरी गेला होता. "पलीकडे पोचते का ती?"

आम्रपालीला ठाऊक होतं. तिने समोर पाहिलं. बाबल्यातात्या आणि रामजीदादा पेटीच्या दोन बाजूंना बसून, बर्फाची लादी किती जाड असते ते एकमेकांना हातांनी दाखवत होते.

"ते मी नाही सांगायचं, सर," ती म्हणाली. "ते ज्याच्या घरी येईल त्याचं."

 मग सरांनी घसा साफ केला.

"उद्या रविवार. तळेकोंडची पहिली गाडी केव्हा आहे?"

आणि त्यांच्या मागून कुणीतरी, बहुधा खजिनदार, म्हणालं, "सर, माझीपण जागा धरा."