तलावाच्या तळाशी

दाताळं पुन्हा रिकामंच वर आलं. अगदी रिकामं नाही म्हणता येणार. त्याच्या दातांत काळा चिखल होता, कुजलेला लव्हाळा होता आणि कुणीतरी चरात टाकलेली वेफर्सची पिशवी होती. पूर्णिमाने गुडघे टेकून एकेक ओढून बाजूला केलं, बोटांनी चिखल चाळला, दोरीचं वेटोळं हातात घेतलं आणि दाताळं परत पाण्यात भिरकावलं. डोक्यावरून एक विमान चाकं बाहेर काढून विमानतळाकडे उतरत गेलं. काठावर घडीच्या स्टुलावर बसलेल्या धनराजने आधी विमानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय शोधून राहिली तू?"

"तुमचं शेवाळ."

"माझं?" तो हसला. "शेवाळ कोणाच्या मालकीचं असते का, बाप्पा?"

"तुम्हीच शोधलेलं. याच चरात."

"असं," तो म्हणाला आणि पुढच्या विमानाची वाट बघू लागला.

खरं तर दाताळं फेकणं हे पूर्णिमाचं काम कधीच नव्हतं. विमानात जाणाऱ्या जेवणाचे ट्रे भरण्यात तिचं आयुष्य गेलं. एका रांगेत उभं राहून बटरची वडी, पावाचा गोळा, काट्याचमच्याची पुडी. रविवारी मात्र ती धनराजबरोबर यायची, याच स्टुलावर बसून विणकाम करायची. तो गुडघाभर गमबूट घालून चरात उतरायचा आणि थोड्या थोड्या वेळाने काहीतरी हिरवं ओलं तिच्या नाकापुढे धरायचा. "बघ, बघ तर खरी." ती बघायची आणि म्हणायची, "छान आहे. चहा घ्या आता." आता स्टूल त्याचं झालं होतं आणि दोरी तिच्या हातात आली होती. सत्तरी उलटलेले गुडघे ओल्या गवतात टेकताना कुरकुरत होते.

धनराज भंडाऱ्याचा. तलावांच्या मुलखातला. चौऱ्याऐंशी साली पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून तो इथे बाडहूव्हडॉर्पला आला, आणि पाठोपाठ व्हिसावर त्याची बायको म्हणून पूर्णिमा. आल्या आल्या शेजारच्या म्हाताऱ्या डच माणसाने त्यांना सांगितलं होतं, की हे सगळं गाव म्हणजे एका भल्या मोठ्या तलावाचा तळ आहे. पंपांनी पाणी उपसून काढलं आणि मग इथे शेतं आणि घरं झाली. धनराज दिवसभर हसत होता. "तलाव सोडून निघालो आणि तलावाच्याच तळाशी येऊन पडलो." तेव्हापासून त्याने या तळावरचा प्रत्येक चर पालथा घातला. कुठली पाणवनस्पती कुठे उगवते, कुठली नाहीशी झाली, कुठली नव्याने आली, हे टिपून तो हौशी अभ्यासकांच्या गटाकडे पाठवायचा. पगार नाही, बढती नाही. त्याच्या नावावरच्या नोंदी मात्र प्रांतभरात मान्य असत. धनराजने लिहिलंय म्हटल्यावर कुणी परत बघायला जात नसे.

आणि म्हणूनच गेल्या आठवड्यात मार्लूस घरी आली होती.

मार्लूस प्रांताच्या पाणवनस्पतींच्या अ‍ॅटलसचं काम बघते. शाळकरी होती तेव्हा तिला दाताळं फेकायला धनराजनेच शिकवलं. ती आली, बूट दारात काढले, बुद्धमूर्तीशेजारच्या तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली, आणि पुढ्यातला चहा गार होऊ दिला. धनराज आत झोपला होता.

"पूर्णिमा, मला फोनवर एक गोष्ट दाखवायची आहे," शेवटी ती डचमध्ये म्हणाली.

धनराजने गेल्या उन्हाळ्यात पाठवलेली नोंद होती. जागा, घरामागचा चर. वनस्पतीच्या नावाच्या जागी देवनागरी अक्षरं. शिंगाडा.

"आम्हाला वाचता आलं नाही. कुणाकडून तरी वाचून घेतलं. ही वनस्पती या देशातून कधीच नाहीशी झालीय. पण धनराजने लिहिलंय म्हणून दोघं जण होडी घेऊन आले. अर्धा दिवस शोधत होते." ती थोडं हसली. "रागावले नाहीत ते. सँडविच खाऊन परत गेले."

पूर्णिमाला भंडाऱ्याच्या बसस्टँडवरचे उकडलेले, काळ्या सालीचे शिंगाडे डोळ्यांपुढे दिसले. सासूबाई, गयाबाई, ते दातांनी फोडून नातवंडांना द्यायच्या.

"अशा आणखीही आहेत," मार्लूस म्हणाली. "मला माहीत आहे, तो आजारी आहे. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. पण आता अ‍ॅटलस छापायला जाणार. मला एक तारीख लागेल. त्या तारखेनंतरच्या ज्या नोंदींचा नमुना ठेवलेला नाही, त्या सगळ्या काढून टाकायच्या. आधीच्या तशाच राहतील."

"कसली तारीख?"

"त्याचं हे विसरणं कधी सुरू झालं त्याची."

पूर्णिमाने गार झालेला चहा उचलून बाजूला ठेवला. ती तारीख तिला ठाऊक होती. घरच्या डॉक्टरला, हाउसआर्ट्सला, सांगितली नव्हती, मुलीला नाही, स्वतःला सुद्धा पूर्ण वाक्यात कधी सांगितली नव्हती.

"आणि ते शेवाळ?" तिने विचारलं.

मार्लूसने मान खाली घातली. ते शेवाळ म्हणजे धनराजच्या आयुष्याची कमाई. घोड्याच्या शेपटासारखं, पेऱ्यापेऱ्यावर बारीक फांद्यांचं कडं असलेलं, पाण्याच्या तळाशी उगवणारं. त्या कुळातली साधी जात चरांमध्ये कुठेही मिळते. पण एकवीस सालच्या उन्हाळ्यात धनराजला सापडलेली ही जात प्रांतात त्याआधी कुणालाच दिसली नव्हती. अ‍ॅटलसमध्ये त्या पानावर एकच ठिपका होता, आणि ठिपक्याखाली एकच नाव. धनराज रामटेके.

"फोटो आहे, पण फोटोवरून ठरवता येत नाही. भिंगाखाली बघावं लागतं. नमुना हवा होता."

नमुना होता. जॅमच्या बरणीत, ओट्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी धनराज बरणी घेऊन गेला आणि रिकामी परत घेऊन आला. "मरून राहिलं होतं," तो म्हणाला, "त्याच्या घरी, चरात सोडून आलो." तेव्हा पूर्णिमाने बरणी धुऊन पालथी घातली होती.

"तुमची तारीख त्या उन्हाळ्याच्या नंतरची असेल, तर ठिपका राहतो," मार्लूस हळू आवाजात म्हणाली. "पण नुसता ठिपका राहावा म्हणून सांगू नका. पुढे कुणाला त्याआधीची एखादी चूक सापडली, तर मग त्याच्या सगळ्याच नोंदींवर शंका घेतील. तीस वर्षांच्या. ते मला बघवणार नाही." जाताना दारात बूट घालता घालता ती म्हणाली, "ते शेवाळ पुन्हा सापडलं तर प्रश्नच मिटतो. सापडलं की फोन करा. मी कुठेही असले तरी येईन."

त्या संध्याकाळी आर्नहेमहून धम्मदीपाचा फोन आला. ती तिथे एका वीज कंपनीत आहे. इथेच जन्मली, इथेच वाढली. आईचं मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र अर्धं इंग्रजीत येतं.

"आई, just say last summer. सिंपल आहे."

"खोटं सांगू?"

"Who will check? बाबांच्या डोक्यात कोण बघणार आहे?"

"मार्लूसला कळेल."

"मार्लूस loves him. तिला कळून घ्यायचंच नसेल, आई. त्यांना एवढी एकच गोष्ट मिळालीय. Let him keep it."

"आणि बाकीचं? तीस वर्षांचं?"

"तू रडतेयस का?" धम्मदीपाने विचारलं.

"नाही. कांदा कापतेय," पूर्णिमा म्हणाली. कांदा कापत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती चरावर येऊ लागली. धनराजला घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तो, स्टूल, थर्मास, सगळं लटांबर घेऊन. ओळखीचे लोक सायकलवरून जाताना हात करत. "काही हरवलंय का?" एकाने विचारलं. "हो," ती म्हणाली, "सापडेल." पण सापडत नव्हतं. पाणी दरवर्षी अधिक गढूळ होत चाललं होतं, पृष्ठभागावर टिकलीएवढ्या पानांची हिरवी साय आली होती. धनराज तिला पूर्वी सांगायचा, की हे शेवाळ चर नुकता उपसलेला असला की उगवतं आणि बाकीची गर्दी झाली की निघून जातं. बी चिखलात झोपून राहतं, कधीकधी माणसाच्या आयुष्याएवढं. तेव्हा तिला ते गमतीचं वाटलं होतं. आता दर वेळी ती दाताळं आधीपेक्षा लांब फेकत होती. आज सापडलं नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा, आणि त्यानंतर मात्र अ‍ॅटलस छापायला जाणार होतं. रात्री अंथरुणावर ती मनाशी घोकून बघायची, गेल्या उन्हाळ्यापासून, मार्लूस, गेल्या उन्हाळ्यापासून. मोठ्याने म्हटलं की जिभेवर जड व्हायचं.

आज दुपार कलल्यावर, पुलाच्या सावलीत, दाताळं जड लागलं. तिने दोरी ओढली. दातांत करड्या हिरव्या रंगाचा झुबका होता. बोटांत घेतला तर खरबरीत, चुन्याची पुटं चढल्यासारखा, आणि चुरडल्यावर लसणाचा उग्र वास. हा वास तिच्या ओळखीचा होता. धनराजच्या शर्टाच्या बाह्यांना रविवारी रात्री हाच वास यायचा. ती नाक मुरडून शर्ट बादलीत टाकायची.

तिने चिखलाच्या बोटांनीच फोनवर मार्लूसचं नाव शोधलं.

मार्लूस सायकलवरून धापा टाकत आली. सायकल गवतात आडवी टाकली, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि झुबक्यातली एक काडी उजेडात धरली. बराच वेळ धरली. पूर्णिमा तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. विमान आलं, गेलं. मार्लूसने काडी फिरवली, पुन्हा पाहिलं. भिंग डोळ्यावरून खाली आलं.

"बघू," धनराज म्हणाला.

तो स्टुलावरून उठला होता. त्याने मार्लूसच्या हातातली काडी घेतली, भिंग घेतलं नाही. अंगठ्याने पेरं दाबलं, नखाने साल खरवडली, हुंगलं. त्याच्या कपाळावर ती जुनी आठी पडली, जिची पूर्णिमाला किती दिवसांत आठवणही झाली नव्हती.

"गेवोन," तो डचमध्ये म्हणाला. मग पूर्णिमाकडे वळून, समजावून सांगितल्यासारखं, "साधं आहे हे. ते नव्हे. त्याचे काटे जोडीनं असतात."

मार्लूसने डोळे मिटून घेतले. "बरोबर," ती म्हणाली. "साधंच आहे." आणि मग, "माझा विश्वास आहे, पूर्णिमा, की त्याने ते तेव्हा पाहिलं होतं. आता तर जास्तच आहे. पण माझा विश्वास छापता येत नाही."

पूर्णिमाने चिखलाचे हात गवताला पुसले. धनराज काडीकडे अजून निरखून पाहत होता. इतक्या वर्षांत त्याने कधी साध्याला दुर्मिळ म्हटलं नव्हतं. ठिपका वाचवायचा असता तर आज मान डोलावली असती तरी पुरलं असतं. नुसती मान.

"लिहून घे," ती मार्लूसला म्हणाली. "एकोणीस साल. बुद्धपौर्णिमेचा दिवस. तारीख तू काढ."

मार्लूसने फोनवर पाहिलं. "अठरा मे."

"मी खीर केली होती. रॉटरडॅमहून मंडळी यायची होती वंदनेला. हे सकाळी चरावर गेले ते दुपारी आले. कमरेपर्यंत भिजलेले. गमबूट घातलेच नव्हते, चपला कुठेतरी राहिल्या होत्या. मागच्या दाराने आले आणि माझा हात धरून म्हणाले, आईला सांगू नको, तलावात उतरलो होतो." ती थांबली. "यांची आई जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले. हे हसले नाहीत. मी कपडे बदलायला दिले, पाहुण्यांना खीर वाढली. कुणाला काही बोलले नाही. त्या दिवसापासून, मार्लूस. त्याच दिवसापासून."

मार्लूसने तारीख टिपली. फोन खिशात ठेवला. मग पूर्णिमाचे चिखलाचे हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरले. "ठिपका जाईल. पण अठरा मेच्या आधीचं सगळं राहील," ती म्हणाली. "एकालाही हात लागणार नाही." गवतातली सायकल उचलून ती निघाली, आणि पुलावर जाईपर्यंत सायकलवर चढली नाही, चालतच गेली.

धनराज हे सगळं ऐकत होता. डच त्याला अजून समजत होतं. कुणाबद्दल बोलणं चाललं आहे ते समजलं की नाही, कोण जाणे. सायकल दिसेनाशी झाल्यावर तो पूर्णिमाजवळ आला आणि आवाज उतरवून, चाळीस वर्षं या देशात राहूनही न सुटलेल्या गावच्या बोलीत म्हणाला,

"आईले सांगितलं का तू?"

"नाही."

"नक्की?"

"आईला नाही सांगितलं."

"मग ठीक." त्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि हातातली काडी तिच्यापुढे धरली. "हे पाण्यात सोड. मरते ते बाहेर."

पूर्णिमा पुन्हा गुडघ्यांवर बसली. हिरवी साय बाजूला सारून तिने काडी पाण्याखाली नेली आणि बोटं उघडली. काडी जरा तिरकी झाली, मग तळाकडे जाऊ लागली. पाणी गार होतं. बाही कोपरापर्यंत भिजली तरी तिने हात लगेच बाहेर काढला नाही.