ओट्याची उंची

भाऊंनी टेप ओट्याच्या कडेला लावली, जमिनीपर्यंत सोडली, वाकून आकडा पाहिला आणि पुन्हा लावली. आकडा बदलला नाही. मग त्यांनी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढून ओट्यासमोर ठेवली आणि तिच्यावर बसले. कड थेट छातीशी आली. दोन्ही हात वर ठेवून पाहिले, तर खांदे कानांपर्यंत चढले.

"मिस्त्री, हे काय आहे?" त्यांनी बसल्या जागेवरूनच विचारलं.

मिस्त्री दारात सिमेंटचे हात फडक्याला पुसत उभा होता. "ओटा आहे, साहेब."

"कुणासाठी?"

मिस्त्रीनं फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

नकाशात हा ओटा बुटका होता. त्याच्याखाली एकही आडभिंत नव्हती, कारण चाकाची खुर्ची गुडघ्यांसकट आत सरकायला हवी होती. बाकीचं घर भाऊंनी डोक्यानं आखलं होतं. या ओट्यात मात्र त्यांचा जीव अडकला होता. या घरात पहिला चहा बायको स्वतः करणार, कुणाच्या मदतीशिवाय, हे पायाचा दगड बसायच्या आधीपासून ठरलेलं होतं. आणि आता समोर हा चारचौघांच्या घरात असतो तसा उंच ओटा उभा होता, खाली विटांचे कप्पेसुद्धा घातलेले.

भाऊंनी आवाज चढवला नाही. कारखान्यातही ते कधी चढवत नसत. नकाशा वाचता येतो का, काल आपण इथं नव्हतो तर एक फोन करायला बोटं झिजली असती का, असं त्यांनी एकेक शांतपणे विचारलं. मिस्त्री आत येऊन खाली बघत ऐकत होता. मग भाऊ खुर्चीतून उठले, ओट्याला टेकून मिस्त्रीच्या शेजारी उभे राहिले. दोघे एकाच उंचीचे.

"स्वतःच्या सोयीनं बांधलात होय? स्वयंपाक तुम्ही करणार आहात का इथं?"

"वहिनींशी एकदा बोलून घ्या, साहेब," मिस्त्री हळूच म्हणाला.

"तिच्या डोक्याला हा ताप कशाला? तोडा."

"आज राहू द्या. उद्या तोडू."

"आत्ता."

मिस्त्रीनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यानं स्वतःच घण उचलला. एरवी तोडफोडीचं काम तो हाताखालच्या माणसांना सांगे. पहिल्या दोन घावांत काही झालं नाही. तिसऱ्याला दगडी फरशीला मधोमध तडा गेला आणि अर्धा ओटा खाली आला. धूळ बसेपर्यंत भाऊ तिथंच थांबले. मग खिशातून खडू काढून त्यांनी भिंतीवर नवी रेघ मारली, पार खाली, आणि तिच्या दोन्ही टोकांना बाण काढले, म्हणजे पुन्हा कुणाचा गोंधळ नको.

नोकरीची सारी वर्षं भाऊंनी नियोजन विभागात घालवली होती. कुठला सुटा भाग कधी लागेल, त्याच्या आधी काय तयार हवं, एक माणूस आजारी पडला तर कुठली साखळी तुटेल, हे ते झोपेतही सांगू शकत. त्यामुळे बायकोच्या पायांतली ताकद जायला लागली आणि डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव उच्चारलं, तेव्हा भाऊंनी जे येत होतं तेच केलं. एक मोकळा तुकडा घेतला आणि घर आखलं. भाड्याच्या घरात न्हाणीच्या दारातून चाकाची खुर्ची जात नसे, स्वयंपाकघराच्या दारातूनही नाही. नव्या घरात एकही उंबरा नसणार होता, आणि प्रत्येक दार ऐसपैस.

पाया खणायच्या आधी त्यांनी जमिनीवर चुन्याच्या भुकटीनं सगळं घर खऱ्या मापाचं आखून घेतलं, त्यावर फळ्या टाकल्या आणि तिला खुर्चीतून आणलं. ती स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत या खोलीतून त्या खोलीत हिंडली. न्हाणीपाशी वळण घेता आलं, झोपायच्या खोलीत पलंगाला वळसा घालता आला. शेवटी बैठकीच्या मधोमध थांबून तिनं चहूकडं पाहिलं.

"फार छान आहे. भिंती नाहीत तोवर करून घ्या मौज," ती म्हणाली होती, आणि मजूरसुद्धा हसले होते.

त्या दिवशी घेतलेली मापं भाऊंनी नकाशात उतरवली आणि काम सुरू झालं. चूक झाली ती तिथंच. पण ती भाऊंच्या लक्षात येणं अवघड होतं, कारण कारखान्यात एकदा माप घेतल्यावर वस्तू बदलत नसे.

भिंती खिडकीपर्यंत आल्या, तोवर तिची चाकं फिरवायची ताकद गेली. दुसऱ्यानं खुर्ची ढकलायची तर मागं एक माणूस चालणार, म्हणून वळणं वाढवावी लागली. एक भिंत पाडून हातभर मागं घेतली. न्हाणीत धरायला स्टीलचे दांडे बसवले, त्याच सुमाराला तिची पकड सुटली. मग दांडे काढून तिला उचलण्यासाठी छताला साखळी लावायचं ठरलं. दिव्यांची बटणं आधी खाली आणली, मग बोटानं दाबली जाईनात म्हणून तळहातानं दाबायची मोठी बटणं शोधून आणली. ती अजून खोक्यात होती. घर एक पाऊल पुढं गेलं की आजार दोन पावलं जायचा, आणि भाऊ मागं फिरून नवं माप घ्यायचे.

"घर पाहावं बांधून म्हणतात," भाऊंची थोरली बहीण अक्का एकदा म्हणाली होती, "हा माझा भाऊ मोडून पाहतोय."

अक्का पलीकडच्या गल्लीत राहायची. तिचं स्वतःचं घर होतं, गुडघे दुखरे होते, तरी सकाळी यायची, दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची, भावजयीला न्हाऊ-माखू घालायची आणि दिवेलागणीला परत जायची. बोलायला तिखट होती, पण बोलता बोलता हात थांबायचे नाहीत.

भाऊ घरी आले तेव्हा अक्का भावजयीला चमच्यानं भात भरवत होती. भाऊंनी सवयीप्रमाणे वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. सकाळीच वाचून झालेलं होतं. चमच्याचा ताटलीवरचा आवाज थांबेपर्यंत ते पान उलटत राहिले. मग वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांनी ओट्याची गोष्ट सांगायला घेतली, आणि चक्क रंगवून सांगितली. मिस्त्रीचा उतरलेला चेहरा, त्याला विचारलेला प्रश्न, घणाचे घाव. या माणसाच्या हाती उद्या कुणी देऊळ दिलं तर देव उभा करायच्या जागी आडवा करील, असंही म्हणाले.

कुणी हसलं नाही. अक्कानं भावजयीचं तोंड पुसलं, ताटली उचलली, आणि दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"तोडला?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज आता लहान झाला होता. एका वाक्यानंतर तिला श्वास घ्यावा लागे.

"मग काय ठेवायचा? दोन-चार दिवसांत बुटका होईल. मी रेघच मारून आलोय."

अक्कानं आत जाऊन भांडी घासली. आज ती पालथी घालताना जरा जास्तच आवाज झाला. मग पिशवी खांद्याला अडकवून दारात आली. "मी निघते," ती म्हणाली. "आता तूच सांग बाई त्याला. माझं ऐकणं त्याच्या नकाशात नाही."

दार लागलं. भाऊंनी खुर्चीचं तोंड खिडकीकडं फिरवायला हात पुढं केला, तर तिनं मान हलवली.

"मिस्त्रीची काही चूक नाही."

ती थोडं थोडं करून सांगत गेली. मागच्या आठवड्यात भाऊ पाण्याच्या जोडणीसाठी कचेरीत गेले होते, तेव्हा मिस्त्री फरशांचे नमुने दाखवायला घरी आला होता. फरशी तिनं निवडली आणि जाता जाता त्याला थांबवलं. ओटा उंच घे, खाली कप्पे घे, म्हणाली. मिस्त्री नाही नाही म्हणत होता. साहेबांना मी सांगते, असं तिनं कबूल केलं तेव्हा कुठं तयार झाला. माप विचारायला लागला, तर तिनं त्यालाच भिंतीशी उभं केलं होतं. तुझी आणि साहेबांची उंची एकच, तुला सोयीचं होईल तसं बांध.

"सांगायचं राहूनच गेलं. रोज ठरवायचे. तुम्ही इतक्या आनंदात घरी यायचात."

भाऊ ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक, आणि कागद पुढं दुमडेना तरी दाबत राहिले.

"बुटका ओटा तुझ्यासाठी आहे," ते म्हणाले. "हात थोडे सुधारले की..."

"डॉक्टर बोलले तेव्हा मीही तिथंच बसले होते."

डॉक्टर काय बोलले होते ते दोघांनाही पाठ होतं. पायांनंतर हात, हातांनंतर श्वास. भाऊंनी ते ऐकलं होतं आणि घरी येताना वाटेत थांबून खिडक्यांच्या जाळ्यांचा भाव विचारला होता.

"बुटक्या ओट्यावर वाकून वाकून कंबर मोडेल तुमची," ती म्हणाली. "अक्कांना किती दिवस राबवणार? त्यांचे गुडघे बघता ना?"

"बाई ठेवीन स्वयंपाकाला."

"ठेवा. ती चार दिवस आली नाही तर?" ती थांबली, श्वास घेतला. "तुम्हाला साखर कुठं असते ते ठाऊक नाही."

हे खरं होतं. भाऊ एकदम चिडून म्हणाले, "म्हणजे मी हे सगळं कशासाठी करतोय? एवढी दारं, एवढी वळणं? मला एकट्याला काय दोन खोल्या पुरल्या नसत्या?"

तिनं घाई केली नाही. "दारं राहू द्या. मला यायचंय त्या घरात. जमलं तर," ती म्हणाली. "ओटा तेवढा तुमचा असू दे."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती फुरफुरायची आणि बंद पडायची. भाऊंनी मान खाली घातली. त्यांच्या चपलांवर अजून ओट्याची धूळ होती. ते त्या धुळीकडंच बघत बसले, जणू एवढं सगळं पुसायला कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं.

"मला आत न्या," ती म्हणाली.

त्यांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेली. चाकं चौकटीला टेकली आणि थांबली. त्यापुढं ती जात नसतच. तिथून तिला शेगडी दिसत होती, वरची फळी अर्धीच.

"चहा करा."

"आत्ता?"

"आत्ता. मी सांगते तसा."

भाऊ आत गेले. नुकतंच धुतलेलं पातेलं पालथं होतं ते त्यांनी उचललं. ते नाही, तिनं सांगितलं, त्याच्या शेजारचं छोटं. त्यांनी छोटं घेतलं. शेगडीचं बटण फिरवलं, तर दुसऱ्याच बाजूनं गॅसचा भपका आला. त्यांनी दचकून बंद केलं आणि तिच्याकडं पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण ते टिकलं नाही. साखर लाल झाकणाच्या डब्यात, तिनं सांगितलं, मीठही तसंच दिसतं, म्हणून आधी चिमूटभर जिभेवर. चहाची पूड त्याच्या मागं. चमचा खणात. भाऊ एकेक वस्तू काढून ओळीनं मांडत गेले. प्रत्येक वस्तू ते दोन्ही हातांनी ठेवत होते.

"पाणी किती?"

"एक कप."

भाऊंनी कप नळाखाली धरला. "आणि तुझं?"

"एकाचं प्रमाण आधी बसू द्या हाताला," ती म्हणाली. "एकट्याचाच चहा बिघडतो. अंदाज चुकतो."

कप भरून वाहायला लागला. भाऊंनी नळ बंद केला. जास्तीचं पाणी कडेनं सांडून टाकलं, कप नीट डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि पातेल्यात ओतला. मग दाराकडं पाठ करून उभे राहिले, खांदे थोडे पुढं आलेले, आणि त्यांनी नळ पुन्हा उघडला, अगदी बारीक, आवाज होऊ नये इतका.

दारातल्या खुर्चीत ती तो आवाज ऐकत होती. दुसरा कप पातेल्यात पडला, तरी ती काही बोलली नाही.