जागेवरचे रंग

"हात हलवू नका," मी भारतला म्हणालो आणि सुरीच्या टोकाने त्याच्या मनगटावर रंगाचा ठिपका ठेवला.

"काका, हे धुतल्यावर जाईल ना? उद्या फर्स्ट शिफ्ट आहे."

"टर्पेंटाइनने जातं. हळद नाही लागलेली तुम्हाला, चार दिवस राहायला."

ही माझी पस्तीस वर्षांची रीत. लोक गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन येतात, बहुधा काळा-पांढरा आणि अंगठ्याएवढा. नाक-डोळे फोटोत सापडतात, रंग सापडत नाही. मग मी विचारतो, "घरात रंगाने त्यांच्यावर कोण गेलंय?" एखादी लेक नाहीतर पुतण्या पुढे ढकलला जातो आणि त्याच्या मनगटावर मी रंग जुळवतो. ठिपका कातडीत मिसळून दिसेनासा झाला, की रंग बसला. पंचवटीपासून दिंडोरीपर्यंत मी रंगवलेली माणसं भिंतींवर आहेत आणि रंग चुकला म्हणून आजवर कुणी परत आलेलं नाही. हे मी सगळ्यांना सांगत असे, बहुतेक वेळा कुणी न विचारता.

भारतच्या मनगटावरचा ठिपका दिसेनासा झाला. अडचण अशी, की त्या वर्षी मला सगळेच ठिपके दिसेनासे होत होते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर म्हणायचे, "अजून पिकला नाही, पिकला की काढू," जसं काही मी डोळ्यांत आंबे ठेवले होते. तोवर सगळं जग कोऱ्या चहातून बघितल्यासारखं दिसत होतं. निळा तर गेल्यातच जमा होता. निळा, काळा आणि गडद तपकिरी हे माझ्या लेखी एकच झाले होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, मंगललाही नाही. चेहरे रंगवणाऱ्या गोरक्ष पेंटरला रंग दिसत नाहीत, हे एकदा बाजारात कळलं की धंदा बसलाच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी जागेवर काम करत होतो. डब्यात रंगाच्या नळ्यांच्या जागा ठरलेल्या, पॅलेटवरही ठरलेल्या. अंगठ्याजवळ पांढरा, मग पिवळी माती, तांबडा, विटकरी, त्यानंतर अंबर म्हणजे गडद तपकिरी, मग काळा आणि पार कडेला निळा. सावळ्या कातडीच्या सावल्या अंबरशिवाय होत नाहीत. त्यामुळे कुठला रंग किती, हे मी कागदावर मांडून ठेवायचो आणि जागा धरून रंगवायचो. वर्षभर कुणाला कळलं नव्हतं, आणि मला त्याचा अभिमानही वाटायला लागला होता, हे खोटं कशाला बोलू.

भारतच्या आई, साळूबाई, उंबऱ्याजवळ टेकून बसल्या होत्या. मखमलाबादला त्यांचा मळा. सकाळी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकून त्या तशाच आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं चित्र काढायचं होतं. पुंजाबाबा. मतदानाच्या ओळखपत्रासाठी काढलेला एकच फोटो घरात होता. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर विहिरीत मोटरीचा फुटव्हॉल्व काढायला उतरले, पाय निसटला, आणि संपलं.

"आबा माझ्यापेक्षा जास्त सावळे होते," भारत म्हणाला. "पुढच्या रविवारी वर्षश्राद्ध आहे. गुरुवारी बघायला येतो."

साळूबाईंनी जाताना एवढंच विचारलं, "पेंटरभाऊ, जित्या माणसावानी दिसंल ना?"

"बोलतील असे दिसतील," मी म्हणालो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. लोहार घण पुजतो, मी ब्रश आणि रंगाचा डबा. दरवर्षी तो डबा मी स्वतः साफ करतो, दुसऱ्याचा हात लागू देत नाही. त्या वर्षी मी फ्रेमवाल्याकडे जातो असं खोटं सांगून सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो आणि तिथे रांगेत अडकलो. परत आलो तर मंगलने सगळं उरकून ठेवलं होतं. नळ्या रॉकेलच्या फडक्याने पुसून लख्ख केल्या होत्या, डब्याला झेंडूची माळ घातली होती, हळदकुंकू वाहिलं होतं.

"लेबलं निघाली काहींची," ती म्हणाली. "पण ओळीत लावल्यात तशाच."

मला बरंच वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुंजाबाबांना हात घातला. जागेवरून रंग काढले, कागद समोर ठेवला, आणि दोन दिवसांत चेहरा उभा केला. काम हाताला छान लागत होतं. गालाखालच्या सावल्या तर अशा उतरल्या, की मीच स्वतःवर खूश झालो.

बुधवारी मंगल चहा घेऊन आली आणि कप हातात धरून उभीच राहिली.

"काय झालं?"

"उजेड कमी आहे म्हणून असं दिसतंय का हो?"

"कसं दिसतंय?"

"नाही, म्हणजे चेहरा जरा..."

"मंगल, तीस वर्षं स्वयंपाक करतेस. मीठ किती घालायचं, हे मी कधी सांगितलं का तुला?"

"रोज सांगता," ती म्हणाली आणि कप ठेवून निघून गेली.

ती गेल्यावर पॅलेटवरचा रंग मी माझ्याच मनगटावर लावून पाहिला. दिसेनासा झाला. कपाळाचा लावला, गळ्याचा लावला. सगळेच दिसेनासे झाले. तेव्हा तरी बायकोला हाक मारायला हवी होती. नाही मारली. चित्रावर फडकं टाकलं आणि गुरुवारचे चार वाजायची वाट बघत बसलो.

चारला मायलेक आले. मी फडकं काढलं.

लोक काही बोलायच्या आधीच मला त्यांचा श्वास कळतो. कुणी हुंदका देतं, कुणी "अगदी तेच" म्हणतं. त्या दिवशी भारत एक पाऊल मागे सरला आणि त्याची पाठ भिंतीला लागली.

"काका, काय केलं हे?" त्याचा आवाज चिरकला. "हे काय केलं तुम्ही?"

"काय झालं?"

उत्तर साळूबाईंनी दिलं. आवाज चढला नाही, की रडवेला झाला नाही. "हिरीतून काढलं तव्हा आसंच व्हतं त्यांचं तोंड. आसंच. हिरवं-निळं."

मी चित्राकडे बघत होतो आणि मला तिथे एक सावळा, भला माणूस दिसत होता.

मंगल आतून धावत आली. तिने पॅलेट उचलून खिडकीशी नेलं, एकेक नळी बोटावर पिळून पाहिली. "अहो, हा अंबर नाही. निळा आहे हा. पूजेच्या दिवशी माझ्याच हातून त्या जागेवर गेला." मग ती हात जोडून भारतकडे वळली. "दादा, ह्यांची काही चूक नाही. मी डबा पुसला. लेबलं निघाली आणि नळ्यांची अदलाबदल झाली. माझी चूक आहे."

भारत माझ्याकडे बघत होता. मला नुसती मान हलवायची होती. बायकांनी हत्यारांना हात लावला की असंच होतं, एवढं एक वाक्य बोललो असतो तर इभ्रत वाचली असती, धंदा वाचला असता. मंगलने तो दोष मुकाट्याने घेतलाही असता. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, याची मला आजही लाज वाटते.

"नळी चुकली तर रंगवणाऱ्याला दिसायला हवं," मी म्हणालो. "डोळे धड असलेल्या माणसाने दोन दिवस निळ्यात ब्रश बुडवला नसता. नाचता येईना अंगण वाकडं, असला प्रकार मला करायचा नाही. मला रंग दिसत नाहीत. वर्ष झालं."

मंगलने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, कधी बोलला नाहीत. तिने नुसती मान डोलावली. तिला हे किती दिवस माहीत होतं कोण जाणे.

"वर्ष झालं?" भारत भडकला. "आणि माझ्या हातावर ठिपके कशाला लावत होता? चल आई. कॉलेज रोडला कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून देतात, रंगसुद्धा भरून देतात. उद्या मिळेल."

तो दाराबाहेर गेला. साळूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आई!"

"थांब जरा," त्या म्हणाल्या. मग चित्राकडे बघतच माझ्याशी बोलल्या. "भाऊ, वरीस झालं. डोळं मिटलं की मला ह्येच तोंड दिसतंय. तीस वर्सं सौंसार केला, पर जितं तोंड आठवाया गेले तर ह्येच म्होरं येतंय. मला वाटलं व्हतं, तुम्ही चांगलं काढून दिलं तर ह्ये जाईल." त्यांनी चित्राकडे बोट केलं. "कॉम्प्युटरवाल्याला काय ठावं त्यांचा रंग? ह्ये पुसता येतंय का?"

"ओलं आहे अजून. येतं."

"मंग पुसा. रंग मी सांगते."

टर्पेंटाइनच्या बोळ्याने मी पुंजाबाबांच्या गालांवरून निळा पुसून काढला. आता कुणापासून काही लपवायची गरज उरली नव्हती, हे एक बरं झालं. मंगलने पॅलेट धुऊन आणलं आणि नळी हातात देताना दरवेळी मोठ्याने नाव घेऊ लागली. पांढरा. पिवळी माती. तांबडा. अंबर. लग्नाला तीस वर्षं झाली, पण आमच्या घरात असं काम कधी झालं नव्हतं.

मी सुरीने रंग कालवायचो आणि साळूबाई वाकून बघायच्या.

"न्हाई. ह्यो भारतचा झाला. कारखान्यात सावलीला ऱ्हातो त्यो. तांबूस पायजे."

मी तांबडा घातला.

"लय झाला. दारू पेल्यावानी दिसतील. कधी शिवले न्हाईत दारूला."

थोडी पिवळी माती घातली.

"आता येतंय जवळ. कपाळावर ह्यो नगं. टोपी असायची, टोपीखालचं कपाळ गोरं व्हतं. कान काळं करा, उन्हात कान आधी करपत्यात."

पस्तीस वर्षांत मी शेकडो शेतकरी रंगवले होते आणि सगळ्यांचं कपाळ गालांच्या रंगाचं केलं होतं. रंग चुकला म्हणून कुणी परत आलं नव्हतं, ते रंग बरोबर होते म्हणून नव्हे. लोक भले होते.

भारत कधीतरी आत येऊन बसला होता. सव्वापाचच्या सुमारास मंगल म्हणाली, "उजेड उतरतोय." मी घाईने उजवा गाल भरला, हनुवटीखालची सावली अंबरने दाबली, डोळ्यांच्या कडांना जरासा तांबडा दिला. साळूबाई एकदम गप्प झाल्या. मी विचारलं, "कमी करू?" उत्तर आलं नाही. "गडद हवा का अजून?" तरी नाही.

समोर मला पहिल्यासारखाच सावळा, भला माणूस दिसत होता. चार वाजता फडकं काढलं तेव्हा तो जसा दिसला तसाच मला आताही दिसत होता. बरोबर आला की पुन्हा बिघडला, हे मला कळायला काहीच मार्ग नव्हता. मी ब्रश खाली केला आणि मागे वळून बघितलं.

कामाच्या नादात साळूबाईंचा पदर खांद्यावर घसरला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी वर घेतला, डोक्यावर नीट बसवला, कपाळापर्यंत ओढला आणि चित्रातल्या माणसासमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या.