पहिला तांब्या

सिंधूबाईंच्या बोटांची शुद्ध गेली त्याला आठ महिने झाले होते, आणि अख्ख्या भोपाळात ही गोष्ट एका डॉक्टरला आणि खुद्द सिंधूबाईंना, अशी दोघांनाच ठाऊक होती. देवापुढे निरांजन लावताना काडी जळत जळत बोटापर्यंत आली, कातडं करपल्याचा वास आला, तेव्हा त्यांना कळलं. दुखलं मात्र काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, शुगर है, पुरानी है." बोटं परत येतील का, असं त्यांनी विचारलं, तर ते कागदावर गोळ्यांची नावं लिहीत राहिले.

दुसऱ्या कुणाची बोटं असती तर भाजी चिरताना जरा जपलं असतं, झालं. पण सिंधूबाई चाळीस वर्षं बाळंतिणींना तेल लावत होत्या, शेक देत होत्या, बाळांना न्हाऊ घालत होत्या. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरांत म्हणा, कोलार रोडच्या नव्या कॉलन्यांत म्हणा, मराठी घरात कुणाला दिवस गेले की सिंधूबाईंना आधी सांगून ठेवायचं, अशी रीतच पडली होती. तेल तळव्यावर घेऊन त्या डोळे मिटून सांगायच्या, अजून दोन मिनिटं तापू दे. ते कधी चुकलं नव्हतं. आता तळव्यावर तेल घेतलं की तेल आहे एवढं दिसायचं.

पण काम सोडून बसायचं कुठे? नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी बसलं की भिंती अंगावर येत. म्हणून त्यांनी युक्त्या काढल्या. तेलाची वाटी कढत पाण्यात ठेवायची आणि शंभरपर्यंत मोजायचं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर ठेवायची आणि वीसपर्यंत मोजायचं. बाळाच्या पाण्याचा पहिला तांब्या स्वतःच्या नडगीवर ओतायचा, कारण नडगीला अजून थोडं कळत होतं. बघणाऱ्याला वाटे, जुनी पद्धत असेल.

आनंद नगरला सुहासिनीवहिनींकडे त्या रोज साडेनऊला जात. वहिनी मूळच्या पुण्याच्या, यजमानांच्या बदलीबरोबर इथे आलेल्या आणि इथल्याच होऊन गेलेल्या. मुलगा वरुण कारखान्यात इंजिनियर, तो सकाळी आठलाच बाहेर पडे. सून क्षितिजा. पोट फाडून मुलगी झालेली. वहिनींनी बाळंतपणात काही कमी ठेवलं नव्हतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, दशमुळांचा काढा, जेवणानंतर बाळंतशेपा. वैद्यांनी काय द्यायचं, काय नाही, ते लिहून दिलेला कागद फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवला होता.

"सिंधूबाई, तुम्ही तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता हो? जप करता की काय?" वहिनींनी एकदा विचारलं होतं.

"हो ना वहिनी. रामाचं नाव."

"करा, करा. फी आमची आणि पुण्य तुमचं!"

दोघी हसल्या होत्या. क्षितिजा हसली नव्हती.

ती हसायची नाही आणि रडायचीही नाही. चटईवर पालथी पड म्हटलं की पालथी पडायची, वळ म्हटलं की वळायची. तेल कसं आहे? ठीक आहे. पाठ दुखते का? ठीक आहे. बाळ रडलं की छताच्या पंख्याकडे बघत राहायची, शेवटी वहिनी बाळाला आणून तिच्या छातीशी लावायच्या. दूध पाजून झालं की ती गाऊन सारखा करायची, जणू कुणाचं तरी काम उरकून दिलं. सिंधूबाईंनी अशी नजर चाळीस वर्षांत सात-आठ जणींची पाहिली होती. त्यातली एक पुढे विहिरीपर्यंत गेली होती. हे वहिनींच्या कानावर घालायला हवं, असं त्यांना रोज वाटे. पण ज्या घरात आपणच एक गोष्ट झाकून वावरतो, तिथे दुसऱ्याचं झाकण कसं उघडायचं? त्या तेल लावून घरी येत.

तेहतिसाव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "आज पोटाला शेक द्या हं."

सिंधूबाई थांबल्या. "टाके आहेत वहिनी. टाकेवालीच्या पोटाला मी शेक नाही देत. पाठीला, कंबरेला देते ना रोज."

"अहो, टाके भरलेत वरून. सव्वा महिन्याला देवदर्शनाला न्यायचंय, माझ्या नणंदा येतील इंदूरहून. पोट बघा कसं सुटलंय. आमच्या वेळी दहाव्या दिवसापासून शेकायचे."

"तेव्हा पोट फाडत नव्हते."

वहिनी म्हणाल्या, "रागावू नका, पण तुमचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. वरुणच्या वेळी तुम्ही काय जोर लावायचात! आता नुसतं वरवर फिरवता. होत नसेल तर तसं सांगा."

ते वाक्य नेमकं जिथे लागायचं तिथे लागलं. एरवी सिंधूबाईंनी त्यांना दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "द्या इकडे ओवा."

स्वयंपाकघरात गॅसचं सिलिंडर सकाळीच संपलं होतं. वहिनींनी तवा विजेच्या शेगडीवर ठेवला, बटण दाबलं आणि बाळाकडे गेल्या. सिंधूबाईंनी ओव्याची पुरचुंडी बांधली, तव्यावर ठेवली आणि वीसपर्यंत मोजलं. गॅसवरचे वीस आणि विजेचे वीस एक नसतात, विजेवर तवा कितीतरी जास्त तापतो. हे कुठल्याही बाळंतिणीच्या आईलासुद्धा बोट लावून कळलं असतं. सिंधूबाईंनीही सवयीने पुरचुंडी तळव्यावर दाबून पाहिली. तळवा गप्प होता.

"गरम लागतंय का गं बेटा?" बेंबीखाली पुरचुंडी ठेवून त्यांनी विचारलं.

"नाही."

"बिलकुल नाही?"

"ठीक आहे."

पोट फाडलेल्या बाईला टाक्यांच्या वर चार बोटं काही कळत नाही, कातडी बधिर असते. हेही त्यांना माहीत होतं. पण त्या क्षणी डोक्यात वहिनींचं बोलणं घुमत होतं. त्यांनी पुरचुंडी दाबून धरली. उचलली, पुन्हा दाबली. क्षितिजा पंख्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा वहिनी न्हाणीघरात बाळाचं पाणी काढत होत्या. क्षितिजा चटईवर आधीच येऊन बसली होती. तिने गाऊन वर केला. बेंबीखाली रुपयाएवढा फोड होता, पाण्याने भरलेला, आणि भोवती लाल कडं.

"हे बघा मावशी."

सिंधूबाई बघत राहिल्या. फोडावरून नजर हटेना.

"कधी दिसलं?"

"काल संध्याकाळी आंघोळीला गेले तेव्हा. मला लागलंच नव्हतं." आवाज असा, की जणू पाऊस थांबला एवढंच सांगतेय. "आईंना नाही सांगितलं. उगाच बोलतील तुम्हाला. दुखत नाही तसं."

"मलाही नाही लागलं," सिंधूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तेलाने मऊ झालेले, बोटांच्या टोकांना काळपट डाग. "यांना काही कळत नाही बेटा. गरम नाही, थंड नाही. कालची पुरचुंडी मी हातात घेऊन बघितली होती. मला वाटलं, बरोबर आहे."

क्षितिजा त्या हातांकडे बघत राहिली. राग आला, की भीती वाटली, चेहऱ्यावरून काही समजलं नाही. मग तिने एक बोट पुढे करून सिंधूबाईंच्या अंगठ्यावर नख टोचलं. चांगलं जोरात.

"हे?"

"नाही."

"मलाही असंच होतं," ती म्हणाली. "पण सगळीकडे. तिला घेतलं तरी."

"सिंधूबाई, पाणी तयार आहे बरं का!" वहिनींची हाक आली.

गप्प राहायची वाट उघडी होती. सुनेने स्वतःच उघडून दिली होती. फोडाला साजूक तूप लावायचं, चार दिवसांत सुकला असता. सव्वा महिना पार पडला असता. सिंधूबाई उठल्या, न्हाणीघरात गेल्या, रोजच्या पाटावर बसून पाय लांब केले. वहिनींनी बाळाला त्यांच्या पायांवर पालथं ठेवायला पुढे केलं. सिंधूबाई म्हणाल्या, "थांबा." बादलीतून पहिला तांब्या भरला आणि नडगीवर ओतला.

पाणी पायावरून खाली गेलं. गरम लागलं, की गरम लागायला हवं हे नुसतं आठवलं, ते त्यांना सांगता येईना. त्यांनी दुसरा तांब्या ओतला. तेच. वहिनी बाळाला घेऊन वाकलेल्या, बाळाची मूठ हवेत.

"बाळाला मागे घ्या, वहिनी."

"का? काय झालं?"

"मला पाणी कळत नाही."

आणि मग बसल्या जागी, पाय तसेच लांब ठेवून, त्यांनी सांगितलं. काडी, डॉक्टर, शंभरपर्यंतचं मोजणं, पुरचुंडी, फोड. आवाज चढला नाही, उतरला नाही. दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं.

वहिनी बाळाला छातीशी घट्ट धरून दारात उभ्या होत्या. "आठ महिने? आणि माझ्या नातीला तुम्ही रोज... नडगीवर बघून?"

"हो."

"तो जप?"

"मोजत होते."

"आणि मी हसत होते!" वहिनींचा आवाज फाटला. "काय म्हणायचं तुम्हाला? तेहतीस दिवस विश्वासाने घर उघडं टाकलं तुमच्यापुढे. वरुणला काय सांगू मी?"

"झालं ते सांगा. पण आधी तिला डॉक्टरकडे न्या. फोड दाखवा." त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. "आणि वहिनी, फोडाचं तर होईल. पण पोरगी थंड पडली आहे. ती बाळाकडे बघत नाही, तुम्हीही बघितलंच असेल. ते माझ्या तेलाने जाणार नाही आणि तुमच्या लाडवांनीही नाही. डॉक्टरला ते सांगा. मी आधीच सांगायला हवं होतं. तोंड नव्हतं मला."

वहिनी स्वयंपाकघराकडे वळल्या, कदाचित फोन घ्यायला, आणि फ्रिजपाशी थांबल्या. वैद्यांच्या कागदावर खालून तिसरी ओळ होती, टाके आतून भरेपर्यंत पोटास शेक देऊ नये. लोहचुंबक त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं. त्या ती ओळ वाचत बराच वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा आवाज खाली आला होता, पण शब्द तेच होते.

"उद्यापासून नका येऊ, सिंधूबाई."

"बरं."

त्यांना वाईट वाटायला हवं होतं. ते कुठेतरी दूर, शेजारच्या घरात वाजणाऱ्या कुकरसारखं वाटत होतं. त्या भिंतीला धरून उठू लागल्या.

"तिची आंघोळ राहिलीय," मागून आवाज आला.

क्षितिजा दारात उभी होती. डोक्याचा रुमाल सुटून खांद्यावर आला होता. वहिनी म्हणाल्या, "मी घालते गं, तू जा, पडून राहा."

"तुमचे गुडघे वाकत नाहीत, आई." ती पुढे आली, बादलीपाशी उकिडवी बसली. कळ आली असावी, तोंड जरा वाकडं झालं. बाही वर करून तिने कोपर पाण्यात घातलं आणि झटकन काढलं. "कढत आहे."

बाळ वहिनींच्या खांद्यावर कुरकुरायला लागलं.

"मावशी, बसा ना," क्षितिजा म्हणाली. "मला पायावर घेता येत नाही तिला. पाणी मी बघते."

सिंधूबाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी सुनेकडे. महिनाभरात सून एका दमात एवढं बोलली नव्हती. वहिनींनी बाळाला सिंधूबाईंच्या पायांवर पालथं ठेवलं. मात्र स्वतःचा एक हात बाळाच्या पाठीवरून काढला नाही.

"आजच्या दिवस," त्या म्हणाल्या. "मग दवाखान्यात जायचंय. उद्याचं उद्या बघू."

सिंधूबाईंनी बादलीत गार पाण्याचा तांब्या ओतला.

"आता?"

क्षितिजाने कोपर घातलं. चेहरा तसाच, पंख्याकडे बघतानाचा. "अजून गरम."

त्यांनी आणखी एक ओतला. "आता?"

ती या वेळी कोपर जरा जास्त वेळ पाण्यात ठेवून बसली.

"अजून अर्धा," ती म्हणाली.