अकराव्या प्रवासाचं पान

माझ्या मावशीच्या पायाला भिंगरी होती. सार्वजनिक ग्रंथालयात ती ग्रंथपाल होती. साठवलेली रजा एकदम काढायची आणि परदेश गाठायची. सत्तावीस देश झाले. कुठेही उतरली की आधी तिथलं ग्रंथालय बघायचं. "लोक समुद्र बघायला जातात," काका म्हणायचे, "ही समुद्राकाठची कपाटं मोजून येते."

तिच्यानंतर तिच्या खुर्चीत मी बसले. परीक्षा देऊन बसले, हे मुद्दाम सांगते. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

खुर्चीबरोबर एक दुखणंही आलं. अडतीस वर्षांपूर्वी एका घड्याळजीने आपण दुरुस्त केलेल्या घड्याळांच्या हकिकती वहीत लिहून ग्रंथालयाला दिल्या. मावशीने नोंद केली, आणि वही गायब झाली. महिन्याभरात घड्याळजी वारला. त्याच्या अक्षरातली साधी चिठ्ठीही त्याच्या मुलीकडे नव्हती. ती दरवर्षी येऊन विचारायची, "सापडली का हो?" मावशीने यंत्रांची, चरित्रांची कपाटं किती वेळा उपसली, त्याला गणती नाही.

आता ग्रंथालय नव्या इमारतीत चाललं होतं. जे सापडणार नाही त्याची नोंद कायमची काढायची होती. हे सांगायला मी त्या मुलीला बोलावलं. मुलगी कसली, तीही साठीची. ती यायची होती त्याच सकाळी मावशीचा फोन आला, "मला ग्रंथालयात न्यायला ये."

नव्वद वर्षांची बाई, आणि दोन वर्षांपासून दिसत काहीच नाही. मी वैतागले. "मावशी, तिथे खोक्यांचा डोंगर झालाय. पडशील."

"पडले तर उचल."

आम्ही पोचलो तेव्हा घड्याळजीची मुलगी येऊन बसली होती. आत पाऊल टाकताच मावशीने माझा हात सोडला. खोक्यांना वळसा घालत, भिंत चाचपत ती थेट नकाशांच्या कपाटापाशी गेली. खालून तिसरा खण ओढला.

"इथे घड्याळांचं काय काम?" मी म्हटलं.

"डोळे होते तोवर मी वही शोधत होते," ती म्हणाली. "आता दिवसभर बसून एकेक प्रवास आठवते. काल अकरावा आठवत होते. निघायच्या आदल्या दिवशी मी इथे उभी राहून बोटीचा रस्ता बघत होते, आणि तेवढ्यात घड्याळजी आले. नोंद केली, पण जीव सगळा त्या रस्त्यात."

खणातला जाडजूड नकाशासंग्रह देशांच्या सरहद्दी बदलल्यापासून कोणी उघडला नव्हता. दरवर्षीच्या मोजणीत आम्ही त्याच्या पाठीवरचा क्रमांक बघून खूण करत होतो. मावशीने कडांवरून अंगठा फिरवला, थांबली, आणि पान उघडलं. निळ्या समुद्रावर एक पातळ, तपकिरी वही पडलेली होती.

तीस वर्षं त्या कपाटाशेजारी बसून मी चहा पीत होते. या बाईच्या डोक्यात केवढं जग रचून ठेवलंय, आणि तेही जागच्या जागी, हे मला त्या क्षणी कळलं आणि तिच्या पाया पडावंसं वाटलं.

घड्याळजीच्या मुलीने पहिलं पान उघडलं. अक्षरांवरून नुसता हात फिरवत राहिली. मग तिने दबक्या आवाजात विचारलं, "बाई, घरी नेऊ? किती दिवसांत परत आणायची?"

हस्तलिखित बाहेर द्यायचं नाही, हा नियम मावशीनेच केलेला. तो तिने कधी सख्ख्या नवऱ्यासाठीही मोडला नव्हता.

"अगं, अडतीस वर्षं उशीर मी केलाय," मावशी म्हणाली. "मी कुठल्या तोंडाने तुला परतीची तारीख घालून देऊ?"