आमच्या घरी घाबरायला बंदी

नवऱ्याच्या मानेत गाठ निघाली हे मी फक्त आमच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोला सांगितलं होतं, तेही शपथ घालून. तिने शपथ पाळली. कोणाच्या कानात काही सांगितलं नाही, रविवारी सगळ्यांसमोर प्रार्थनेत सांगितलं. आमच्या मंडळीत प्रार्थनेत सांगितलेल्या गोष्टीला चहाडी म्हणत नाहीत.

त्यामुळे ज्या संध्याकाळी तपासणीचा निकाल फोनवर कळणार होता, त्याच संध्याकाळी सगळे धीर द्यायला हजर. आमच्या पुढच्या खोलीत माझं शिवणयंत्र, पलंग आणि दोन खुर्च्या एवढंच मावतं. तिथे अर्धी मंडळी कोंबली होती. एक बाई तर चक्क मशीनवर टेकल्या, गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही खाली दाबून.

"घाबरू नका हं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या दिराला अगदी अशीच गाठ होती."

"मग?"

"शेवटपर्यंत चेहऱ्यावर काय शांती होती त्याच्या!"

नवरा बस चालवतो. दिवसभर लोकांची कटकट ऐकायची सवय आहे त्याला.

प्रार्थनेचे म्होरके होते काका. निवृत्त मुख्याध्यापक. कोणाचीही प्रार्थना संपली की ते ती दुरुस्त करून पुन्हा देवाकडे पाठवतात. मागे शेजारीण कळवळून म्हणाली, "देवा, सासूबाईंना आता लवकर ने." काकांनी लगेच जोडलं, "म्हणजे प्रभू, त्यांच्या लेकीकडे, हवापालटासाठी."

काकांनी सुरुवात केली. देवाची नुकतीच इकडे बदली झाली असावी तसं त्याला सगळं समजावलं: गाठ कुठे आहे, दवाखाना कुठे आहे, डॉक्टर कसे आहेत. भीती म्हणजे अविश्वास, या घरात भीतीला जागा नाही, असंही बजावलं. खरंच नव्हती. मलाच कशीबशी दाराशी मिळाली होती. मग निकाल चांगला आल्याबद्दल त्यांनी आगाऊ आभार मानायला घेतले, आणि फोन वाजला.

"वाजू द्या," काका डोळे मिटूनच म्हणाले.

वाजू द्या काय? मी दोघांचे पाय तुडवत गेले आणि फोन घेतला. नर्स होती. नमुना अपुरा पडला, काहीच सांगता येत नाही, सोमवारी पुन्हा या.

मी ते सांगितलं. खोली गार पडली. बातमी चांगली असती तर आभार तयार होते, वाईट असती तर सांत्वनही घरून करूनच आणलं असणार. 'पुन्हा या' म्हटल्यावर काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एकाने हळूच चपला शोधायला सुरुवात केली.

तेवढ्यात नवरा बोलला. जन्मात चारचौघांत प्रार्थना न केलेला माणूस.

"देवा, मला खूप भीती वाटते. मला एकट्याला सोडू नकोस."

काकांनी घसा खाकरला. "म्हणजे प्रभू, याला असं म्हणायचंय, की याचा तुझ्यावर पूर्ण—"

"काका," नवरा म्हणाला, "मला तेच म्हणायचं होतं. त्याला कळलंय. राहू द्या."

त्याचे खांदे खाली आले होते. गाठ निघाल्यापासून त्याला इतकं मोकळं मी पाहिलं नव्हतं. आणि मी? मनातल्या मनात सगळ्यांची टर उडवत बसले होते, कारण उडवायची थांबले असते तर हंबरडाच फोडला असता. मी पलंगावर त्याच्या शेजारी घुसले, हात घट्ट धरला आणि मोठ्याने म्हणाले, "मलाही वाटते, देवा. फार वाटते."

काकांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.