काकांनी निवडलेली पिल्लं

खुराड्यातून जे ऐकू आलं त्याला आरवणं म्हणतात, हे आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकालाही कळलं असतं. पण काका चहाचा कप खाली न ठेवता काकूला म्हणाले, "घसा बसलाय कोंबडीचा. कोमट पाणी दे तिला."

काकूने दिलं. काकू मागितलं ते सगळं देते.

कोंबडी पाणी प्यायली, अंडी घालण्यासाठी काकांनी मुद्दाम ठोकून घेतलेल्या खोक्यावर चढली, मान ताणली आणि पुन्हा आरवली. काका म्हणाले, काही जातींत कोंबड्याही आरवतात. कुठल्या जातींत, हे विचारण्यात अर्थ नव्हता. काकांना काही विचारलं की ते चष्मा काढतात आणि विचारणारा कंटाळून निघून जाईपर्यंत पुसत बसतात.

काका कारखान्याच्या गोदामात कारकून होते. त्यांच्या नोकरीत गोदामात जे जे कमी भरलं ते उंदरांनी खाल्लं, हमालाने सांडलं, नाहीतर आधीच्या कारकुनाने घोळ घालून ठेवलेलं होतं. एकदा खिळे कमी भरले होते. तेही बहुतेक उंदरांनीच खाल्ले. निवृत्त झाल्यावर काकांची पंचाईत झाली, कारण घरी उंदीर नव्हते. घरी काकू होती. दूध उतू गेलं, बस चुकली, नळ गळला, सगळं तिच्यामुळे. तीही "असेल बाई" म्हणून फडकं घ्यायला जायची. मला दोघांचाही वैताग यायचा.

मग काकांना कोंबड्यांचं खूळ लागलं. पिल्लं आणायला मीही गेले होते. पिल्लंवाल्याने सरळ सांगितलं की एवढ्याशा पिल्लांत नर-मादी कळत नाही, येतील तशी घ्या. काकांनी त्याला बाजूला केलं आणि खोक्यात हात घातला. जे पिल्लू छाती काढून हाताकडे चालत आलं ते घेतलं, जे दबकलं ते सोडलं. "भित्री नकोत मला," साहेबाच्या दाराबाहेर जन्मभर खाकरत उभा राहिलेला हा माणूस म्हणाला. निघताना काकूने कोपऱ्यात थरथरणारं एक मरतुकडं पिल्लू ओंजळीत उचललं. काकांनी कपाळावर हात मारला आणि तिथल्या तिथे त्याचं नाव भेदरट ठेवलं.

पुढचे महिने काकांनी कोंबडीपालन केलं, म्हणजे खुर्ची टाकून बसले. पिल्लांना ऊब मिळावी म्हणून दिवा लावणं, खालचा ओला भुसा बदलणं, विष्ठा खरवडणं, मांजराला हाकलणं ही किरकोळ कामं काकूकडे होती. काकांनी मोठं काम केलं. गल्लीतल्या प्रत्येक घराला अंडी कबूल केली.

आणि आता आठवड्याभरात एकजात सगळ्या कोंबड्यांचे घसे बसले. लाल तुरे, बाकदार शेपट्या, उठल्यापासून मारामाऱ्या. भेदरट तेवढी भिंतीला चिकटून गप्प.

शेवटी रविवारी शेजारची नर्स आली. ती रात्रपाळी करून सकाळी झोपते, म्हणजे आधी झोपायची. डोळे तांबारलेले होते, तरी ती भांडली नाही. "काका, अंडी राहू देत," ती म्हणाली. "मला झोप द्या. काल हातातून औषधाची बाटली पडली माझ्या." मग खुराड्यात डोकावून तिने विचारलं की सगळेच्या सगळे कोंबडे कसे काय आले.

माझे बाबा हसू दाबत पायरीवर बसले होते. आम्ही सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला. चला, मी मनात म्हटलं, आता पिल्लंवाला उंदीर होणार.

पण काकूने तेवढीही वेळ येऊ दिली नाही. "मीच निवडली हो पिल्लं," ती म्हणाली. "मला कुठलं कळतंय त्यातलं."

नर्स हसली. बाबा म्हणाले, "काय वहिनी तुम्ही पण." विषय मिटला होता. काकांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

ते पुसत राहिले. काच केव्हाच लख्ख झाली होती. मग त्यांनी चष्मा चढवला.

"नाही," ते म्हणाले. "मी निवडली. एकेक, या हाताने. हिने फक्त ती भेदरट घेतली. तेवढीच कोंबडी आहे."

घरात परका माणूस शिरावा तसं काकू त्यांच्याकडे बघत राहिली. नर्स चप्पल शोधू लागली. चप्पल तिच्या पायातच होती.

संध्याकाळी चिकनवाला पिंजरा घेऊन आला. पकडापकडीचं काम त्याचं, पण काकांनी त्याला थांबवलं, गुडघे टेकले आणि खुराड्यात हात घातला. आता चोची खाणार, असं मला वाटलं. कशाचं काय. ते मूर्ख कोंबडे लहानपणी आले होते तसेच, छाती काढून, एकामागून एक त्या हाताकडे चालत आले. काका एकेकाला बगलेत घेऊन पिंजऱ्यात सोडत गेले. चिकनवाला काहीतरी गंमत करणार होता, त्यानेही केली नाही.

पिंजरा गेला. आत भेदरट उरली, पार मागच्या कोपऱ्यात. काकांचा हात अजून खुराड्यातच होता, तळवा वर करून. ती येईना. ते हात काढेनात.

काकू आतून दाण्यांचा डबा घेऊन आली, त्यांच्याशेजारी कशीबशी टेकली आणि त्या रिकाम्या तळव्यावर तिने मूठभर दाणे ठेवले.